सोडलेलं संत्रं

पावणेपाच वाजले की बापूसाहेब संत्रं मागत आणि सिंधूबाई नाही म्हणत. अमरावतीचं घर बंद करून दोघं दिवाळीत अकोल्याला मुलाकडे राहायला आले, तेव्हापासून हे रोजचं झालं होतं. घड्याळ बापूसाहेबांना आता कळत नसे. मोठा काटा कुठला आणि लहान कुठला, यात त्यांचा घोळ व्हायचा. तरी पावणेपाचला ते खुर्चीतून उठत, स्वयंपाकघराच्या दाराशी येत आणि परक्या घरी पाणी मागावं तसं अदबीने विचारत, "बाई, एक संत्रं देता का?"

बाई म्हणजे सिंधूबाई. एक्केचाळीस वर्षं जिच्याशी संसार केला ती.

"नाई हाये संत्रं," सिंधूबाई म्हणत. टोपलीत सहा संत्री समोर दिसत असायची.

"ते काय हाये मंग?"

"ते लिंबू हायेत. मोठे लिंबू."

बापूसाहेब टोपलीकडे बघत, मान हलवत आणि मुकाट्याने परत खुर्चीत जाऊन बसत. या माणसाने मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढली होती. शेताचा धुरा, म्हणजे बांध, वीतभर सरकला असला तर साखळी टाकायच्या आधी यांच्या डोळ्यांना दिसायचा. तोच माणूस आता संत्र्याला लिंबू म्हटलं तरी खरं मानून जात होता. भांडले असते, ओरडले असते, तर सिंधूबाईंना बरं वाटलं असतं. ते नुसते परत जात, आणि मग सिंधूबाई भांडी नसतानाही मोरीपाशी जाऊन नळ सोडून उभ्या राहत.

एका संत्र्यासाठी एवढा कंजूषपणा कशाला, असं कोणालाही वाटेल. सून प्राजक्ता हिलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. पण त्यामागे काशी होती.

श्याम त्यांचा एकुलता एक. सहा वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला. नागपूरच्या दवाखान्यात अकरा दिवस पोर डोळे मिटून पडलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा बापूसाहेबांनी बाहेरच्या बाकावर बसून नवस केला, की पोरगं उठून बसलं तर काशीला जाऊन संत्रं सोडीन. पोरगं उठून बसलं. पुढच्या वर्षी नवराबायको काशीला गेले.

काशीला जाऊन एक फळ, एक भाजी सोडायची ही रीत जुनीच आहे, आणि लोक ती हुशारीनेच पाळतात. कोणी फणस सोडतो, जो वऱ्हाडात वर्षाकाठी एकदा दिसला तर दिसतो. कोणी रामफळ सोडून मोकळा होतो. बापूसाहेबांनी मात्र संत्रं सोडलं. अमरावती जिल्ह्यात राहून संत्रं सोडायचं म्हणजे कोकणात राहून मासा सोडण्यातला प्रकार. त्यातून हा बसल्या बैठकीला डझनभर खाणारा गडी. सोडलं ते सोडलं. मोजणीसाठी वरुडकडे, मोर्शीकडे, अचलपूरकडे जायचे तेव्हा बागवाले टोपली आणून समोर ठेवत. बापूसाहेब हात जोडून म्हणायचे, "मले चालत नाही." लोकांनी यातून भलताच अर्थ काढला. साहेबाचं संत्र्याने भागत नाही, मोठं काही पाहिजे, अशी बोंब झाली आणि एकदा तर वर तक्रारही गेली. बापूसाहेबांनी कोणाला कारण सांगितलं नाही. नवस का बोलून दाखवायचा असतो, म्हणत.

आणि सिंधूबाईंनी काय सोडलं? कारलं. कारलं त्यांना जन्मात आवडलं नव्हतं. घाटावरच्या पंड्याने विचारलं आणि तोंडातून तेच निघालं. श्याम मोठा झाल्यावर यावरून आईची भरपूर थट्टा करायचा. "बाबांनं देवाले संत्रं देल्लं, आईनं कारलं टिकवलं," म्हणायचा आणि सगळे हसायचे. सिंधूबाईही हसत. थंडीत राजापेठेतल्या घराच्या ओट्यावर उन्हाला बसून त्या नवऱ्यासमोरच संत्री सोलून खात, तेव्हाही त्यांना काही वाटलं नव्हतं.

आता वाटत होतं. विसरण्याची सुरुवात तीन वर्षांपूर्वी झाली. आधी किल्ल्या गेल्या, मग रस्ते गेले, मग माणसांची नावं. एके दिवशी बापूसाहेब बाजारात निघाले ते बडनेऱ्याच्या स्टेशनवर सापडले. श्यामने दोघांना अकोल्याला आणलं, जठारपेठेतल्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. डॉक्टर सरळ बोलणारा होता. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जितकं टिकेल तितकं टिकवा, एवढंच म्हणाला. उरलेलं तरी किती होतं? श्याम विम्याच्या कार्यालयात कामाला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, त्यामुळे बापूसाहेब त्याला 'साहेब' म्हणत आणि तो आला की उठून उभे राहत. सिंधूबाई झाल्या 'बाई'. एक्केचाळीस वर्षांत न मिळालेला मान आता मिळत होता, आणि तो घशाखाली उतरत नव्हता.

अकोल्याला आल्याच्या चौथ्या दिवशी बापूसाहेबांनी पहिल्यांदा संत्रं मागितलं. प्राजक्ता बिचारी काय जाणे, तिने टोपलीतलं उचलून त्यांच्या हातात दिलं. बापूसाहेबांनी देठाशी अंगठा टेकवला तोच सिंधूबाई धावल्या आणि त्यांनी ते हातातून हिसकावून घेतलं. बापूसाहेब रिकाम्या हातांकडे बघत राहिले. त्याच संध्याकाळी श्यामची गाडी घसरली आणि कपाळाला सात टाके पडले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, हे सिंधूबाईंनाही कळत होतं. पण नुसत्या हातात घेतल्याने सात टाके, तर तोंडात गेल्यावर काय, हा हिशेब एकदा डोक्यात बसला तो निघेना.

"आई, दे ना त्याईले," श्याम म्हणे. "मी काई मरत नाई एका संत्र्यानं."

"तोंड सांभाळ."

"अवं, त्याईले नवसच आठवत नाई. ज्याले आठवत नाई त्याचं मोडते कसं?"

"त्याईले आठवत नाई म्हनूनच मले आठवा लागते."

प्राजक्ता समजुतीने म्हणायची, "आई, देवाले समजते ना बाबांची तब्येत." देवाला इतकं समजतं तर त्याने हे असं काहून केलं, हा सिंधूबाईंचा प्रश्न होता, आणि तो सुनेला विचारून उपयोग नव्हता. सकाळ-संध्याकाळ त्या देवापुढे दिवा लावत. पण पूर्वी लावताना बोलत, आता बोलत नसत. एखाद्या नातेवाइकाशी बोलणं बंद असावं आणि तरी त्याचं जेवण वाढावं, तसं चाललं होतं.

डिसेंबर सरला. आंबिया बहाराची संत्री संपली, गाड्यांवर बोरं आणि पेरू आले. पावणेपाचला बापूसाहेब येत, बाई, एक संत्रं, आणि आता 'नाई हाये' हे खरं असायचं. सिंधूबाईंना तेवढाच विसावा. पण फेब्रुवारीत मृग बहाराचा माल आला आणि जठारपेठेच्या चौकात संत्र्यांचे ढीग लागले. त्या दिवशी संध्याकाळी नाही म्हटल्यावर बापूसाहेब परत गेले नाहीत. दाराला धरून उभे राहिले आणि रडायला लागले. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. सिंधूबाईंनी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, नागपूरच्या त्या अकरा दिवसांतही नाही.

दुसऱ्या दिवशी त्या गल्लीतल्या महादेवराव गुरुजींकडे गेल्या. सत्तरी ओलांडलेले, गुडघे गेलेले, पूजा सांगणं बंद केलेले. खाटेवर बसून तूर निवडत होते. सिंधूबाईंनी काशीपासून सगळं सांगितलं. कारलंही सांगितलं.

"आवडत होतं का कारलं?" गुरुजींनी विचारलं.

"नाई."

महादेवराव हसले. मग हसणं आवरून म्हणाले, "वयनी, एक सांगा. त्याईनं सोडलं, ते आता कोन धरून हाये?"

"मीच धरून हाये. पन त्याईच्या नावानं."

"मंग तुमच्या नावानं धरा. अर्धांगी हा तुमी. नवऱ्याच्यानं होत नसलं तर बायकोनं पुढं चालवाचं, यात नवं काई नाई. त्याईच्या हातून तुमच्या हातावर गंगेचं पानी पडू द्या. त्याच्यानंतर संत्रं तुमचं सुटलं. ते मोकळे."

सिंधूबाई जायला उठल्या, आणि ज्यासाठी खरं तर आल्या होत्या ते दारात विचारलं. "इतकं केल्यावर ते बरे होतील का?"

महादेवरावांनी सुपातला एक खडा काढला. "तसं मी नाई सांगत, वयनी. सांगनारा दुसरा गुरुजी पाहा."

काशीहून आणलेला गंगेचा गडू देवघरात होता, झाळून बंद केलेला. असा गडू घरोघरी असतो आणि तो कशासाठी राखून ठेवतात हेही सगळ्यांना ठाऊक असतं. शेवटच्या वेळी तोंडात दोन थेंब घालायला. रविवारी दुपारी सिंधूबाईंनी तो श्यामच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "फोड."

श्याम त्यांच्याकडे बघत राहिला. "आई, हे तं..."

"दोन थेंब ठेवू मागं. फोड."

त्याने पकडीने झाकण उचकटलं. आत पाणी जेमतेम तळाशी होतं, बाकीचं एकतीस वर्षांत कुठे गेलं देव जाणे. सिंधूबाईंनी बापूसाहेबांना पाटावर बसवलं, समोर आपण बसल्या, पळीत थोडं पाणी घेऊन पळी त्यांच्या हातात दिली आणि आपली ओंजळ पुढे केली.

"पानी टाका माह्या हातावर."

"काहून?"

"तुमचं वझं मी घेऊन राहिली."

बापूसाहेबांनी पाणी टाकलं. टाकताना निम्मं पाटावर सांडलं, पण पडलं तेवढं पुष्कळ होतं. सिंधूबाईंनी डोळे मिटले. कितीतरी महिन्यांनी त्या देवाशी बोलल्या, आणि तेही सरळ भांडणाच्या आवाजात. हे घे, म्हणाल्या. या वेळी कारलं नाही. मला आवडणारं देते आहे. त्यांना बरं करायचं तुझ्या मनात नसेल तर नको करू, पण पोराला हात लावू नको.

पावणेपाच वाजले. बापूसाहेब दाराशी आले. "बाई, एक संत्रं देता का?"

सिंधूबाईंनी टोपलीतलं सगळ्यांत चांगलं संत्रं निवडून त्यांच्या हातात दिलं. श्याम आणि प्राजक्ता दोघं बघत उभे होते. बापूसाहेब खुर्चीत बसले. देठाशी अंगठा टेकवून त्यांनी साल अशी काढली की ती एका तुकड्यात निघाली. मग एकेक फोड सुटी केली. फोडीवरचे पांढरे धागे काढले, कडेचं साल नखाने उकललं, बिया काढून मुठीत धरल्या. विसरलेल्या माणसाचे हात काही विसरले नव्हते. सगळ्या फोडी त्यांनी मांडीवरच्या रुमालावर ओळीने मांडल्या. एकही तोंडाशी नेली नाही. रुमालाची चार टोकं धरली आणि तो सिंधूबाईंच्या पुढे केला.

"श्याम शाळेतून येईन आता," ते म्हणाले. "त्याले देजा."

सिंधूबाईंनी रुमाल हातात घेतला. "तुमी खा ना एक."

"मले चालत नाही," बापूसाहेब म्हणाले. आणि हे सांगायची काय गरज, अशा नजरेने त्यांच्याकडे बघितलं.

सिंधूबाईंना तेव्हा उमगलं. श्याम दुखण्यातून उठल्यावर बापूसाहेब रोज संध्याकाळी त्याला संत्रं सोलून द्यायचे. शाळा पावणेपाचला सुटायची. अशी चारपाच वर्षं तरी गेली असतील. हे सिंधूबाईंना ठाऊक नव्हतं थोडंच? पण त्यांच्या लेखी श्याम कधीचा मोठा झाला होता, त्याच्या कपाळावर सात टाके होते आणि कानाशी केस पांढरे होत होते. चार महिने हा माणूस पोराला द्यायला संत्रं मागत होता आणि त्या त्याला नवस मोडणारा समजून दारातून परत पाठवत होत्या. नाव गेलं, गाव गेलं, बायको गेली, पण सोडलेलं त्याने सोडलेलंच ठेवलं होतं. विश्वास कोणाचा कमी पडला होता, ते आता उघड होतं. सिंधूबाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला.

श्याम पुढे झाला. "बाबा, मीच श्याम."

बापूसाहेब अदबीने उठून उभे राहिले. "साहेब, तुमी बसा. तो लहान हाये अजून."

मग रोज तेच. पावणेपाचला संत्रं, रुमाल, फोडी, श्यामला देजा. श्याम कामावरून सातला येई आणि हात न धुता आधी त्या वाळत आलेल्या फोडी खाई. प्राजक्ता म्हणाली, आई, तुमचा नवस उगाच गेला, बाबा तर खातच नव्हते. सिंधूबाई म्हणाल्या, जाऊ दे, घेतला तो घेतला. त्या आता संत्र्याकडे बघत आणि तोंडाला पाणी सुटे, आणि दर वेळी त्यांना बापूसाहेबांची एकतीस वर्षं आठवत. माणूस कसा काय न बोलता राहिला असेल!

मार्चअखेर संत्री संपली. अकोल्याचा उन्हाळा तो, बापूसाहेब दिवसभर कूलरसमोर पडून असत आणि पावसाळ्यात उठले ते निम्मे होऊन. पावणेपाचला खुर्चीतून उठणं बंद झालं. बोलणं दोनचार शब्दांवर आलं. सिंधूबाईंनी धीर धरला, म्हणजे दुसरं काही धरायला नव्हतं म्हणून धरला. आंबिया येऊ द्या, संत्रं हातात आलं की हातांना आठवेल, असं त्या प्राजक्ताला सांगत आणि स्वतःलाही सांगत.

आंबिया आला. पावणेपाचला सिंधूबाईंनी स्वतःच संत्रं त्यांच्या हातात ठेवलं. पहिले काही दिवस हातांना खरंच आठवलं. मग साल तुकड्या-तुकड्यांनी निघायला लागली. मग धागे राहायला लागले, मग बिया. दिवाळी होऊन गेली आणि अंगठ्याला देठच सापडेना. बापूसाहेब संत्रं नुसतं फिरवत बसले. सिंधूबाई शेजारी बसल्या, देठाशी नख लावून सुरुवात करून दिली आणि संत्रं परत त्यांच्या हातात ठेवलं. त्यात पाऊण तास जायचा. त्या बसून राहत.

एका बुधवारी सिंधूबाईंनी रुमाल पसरला, बापूसाहेबांनी पहिली फोड सोडवली, तिच्याकडे बघितलं आणि तोंडात घातली.

प्राजक्ता दारात होती. "आई!" ती ओरडली.

सिंधूबाईंचा हात सवयीने पुढे गेला होता. तो अर्ध्यातच थांबला. बापूसाहेब चावत होते. रस हनुवटीवरून ओघळला. त्यांनी दुसरी फोड घेतली, मग तिसरी. बी दाताखाली आली तशी ती जिभेवर आणून त्यांनी सिंधूबाईंच्या हातावर ठेवली. रुमाल रिकामाच होता. आज शाळेतून कोणी येणार नव्हतं.

म्हणजे हेही गेलं. सिंधूबाईंना ते स्पष्ट कळलं, आणि आता वाट बघण्यासारखं काही उरलं नाही हेही कळलं. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांनी येऊ दिलं. श्यामसाठी मात्र त्यांना भीती वाटली नाही. पोटात हात घालून भीती शोधावी तशी त्यांनी शोधली, ती नव्हती. नवस मोडला नव्हता. तो फेब्रुवारीपासून त्यांच्याकडे होता. बापूसाहेबांच्या हातून आज काहीही सुटलं तरी खाली पडणार नव्हतं.

"राहू दे, पोरी," त्या प्राजक्ताला म्हणाल्या. "खाऊ दे त्याईले."

पदराने त्यांनी बापूसाहेबांची हनुवटी पुसली. "गोड हाये का?"

"गोड हाये," बापूसाहेब म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडून शब्द फुटला होता. शेवटची एक फोड उरली होती. ती त्यांनी दोन बोटांत धरली, थोडा वेळ तशीच धरली आणि सिंधूबाईंच्या तोंडाशी नेली.

"घ्या, बाई."

संत्र्याचा वास अगदी नाकाशी आला. सिंधूबाईंनी त्यांचं मनगट हलकेच धरलं आणि हात त्यांच्याच तोंडाकडे वळवला.

"तुमी खा," त्या म्हणाल्या. "मले चालत नाही."